कपाटाखालचं पान

मुलीला शाळेच्या गाडीत बसवून वर आली, की चपला काढायच्याही आधी ती आतल्या खोलीत जायची, कपाटासमोर गुडघे टेकायची आणि खाली वाकून वास घ्यायची. आठ महिने झाले, तिथं धुळीशिवाय काही नव्हतं. तरी वाकणं सुटलं नव्हतं. "घरात पोलिसी कुत्रं पाळलंय आम्ही," असं नवरा एकदा दाढी करता करता म्हणाला होता आणि तीही हसली होती, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा वाकली होती. तिच्या लेखी आईपण म्हणजे हेच होतं. घरातल्या सांदीकोपऱ्यांत नाक खुपसून ठेवायचं, आणि काही सापडलं नाही तर हायसं न वाटता आपण नीट पाहिलंच नसेल असं वाटत राहायचं. आजही वास नव्हता. पण कपाटाच्या मागच्या पायाशी, भिंतीला चिकटून, चार घड्या घातलेला कागद होता. छत्रीच्या दांड्यानं तिनं तो पुढे ओढला. त्याच्याबरोबर धुळीची एक लांबलचक जळमटासारखी वळकटी आली, तिच्यात तिचेच केस गुंतलेले. कागद उलगडला. पान एक्केचाळीस. डावीकडे फाडल्याची करवती कड. दहा वाक्यं, रिकाम्या जागा, त्यांत बुटकीचं पेन्सिलीतलं अक्षर. घरात सगळे मुलीला बुटकीच म्हणायचे. सहा जागा हलक्या हातानं भरलेल्या, आणि सातव्या वाक्याशी पेन्सिल इतकी दाबलेली की कागदाला मागून वळ उठला होता. वाक्य इंग्रजीत होतं, पण तिला ते वाचावं लागलं नाही. तिनं गादी ओली केली, आणि तिनं चादर कपाटाखाली लपवली, पण तिच्या आईला वास आला. एका जागेत 'अँड', दुसरीत 'बट'. दोन्ही बरोबर. दोन्हींवर बाईंची लाल खूण.

ते वाक्य तिनं स्वतः लिहिलं होतं.

मघाशी घाईत प्यालेल्या चहाची साय घशाशी आली. ती गिळताना तिला स्वतःच्या तोंडाची किळस आली, दातांची, जिभेची, त्या सगळ्या ओल्या यंत्राची. पुस्तक शाळेत येणार हे तिला माहीत नव्हतं असं नाही, हे त्यातलं सगळ्यात वाईट. नव्या वर्षाच्या गठ्ठ्यात आपल्याच ऑफिसची अभ्यासपुस्तिका पाहून तिनं बुटकीला मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं, "आईच्या ऑफिसचं पुस्तक आहे हं हे." तिनंच त्याला खाकी कव्हर घातलं होतं, कोपरे दुमडून, चिकटपट्टी दातानं तोडून. आणि कव्हर घालताना तिला सातवं वाक्य आठवलं होतं. अगदी स्वच्छ आठवलं होतं. बोटानं पानं मोजून तिनं हिशोबही केला होता, की एक्केचाळिसावं पान सहामाहीनंतर येईल, तोवर पोर विसरलेली असेल. मग चिकटपट्टीचं टोक नखानं घट्ट दाबलं होतं. आपण विसरलो होतो असं म्हणायची सोय तिनं त्या दिवशीच स्वतःच्या हातानं बंद करून टाकली होती.

कागद पर्समध्ये ठेवला आणि ऑफिसला गेली. जाताना रस्त्यात कुणीतरी थुंकलेलं होतं, ते ओलांडताना तिला वाटलं, आपण काही फार वेगळं केलेलं नाही. ऑफिस म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या चार खोल्या, गोंदाचा आणि न वाळलेल्या कागदाचा वास, खिडकीशी पुस्तिकांचे गठ्ठे, त्यांच्यावर कपांची तपकिरी वर्तुळं. तिचं काम वाक्यं लिहिण्याचं. वाक्यं पाडणं, असं तिथं म्हणायचे, कुणी विटा पाडाव्यात तसं. एक वाक्य, त्यात एक सर्वनाम, मग जोडशब्द, मग दुसरं वाक्य. तो दमला होता, पण तो चालत राहिला. ती उशिरा आली, कारण तिचं घड्याळ बंद होतं. त्यांना भूक लागली, म्हणून ते थांबले. अशी दोनशे चाळीस वाक्यं एका पुस्तिकेला लागतात. कॉलेजात इंग्रजी घेऊन पहिल्या वर्गात आलेल्या तिला सुरुवातीला याचं हसू यायचं, मग यायचं बंद झालं. नावं घालायची नाहीत, हा तिथला कडक नियम. एकदा एका धड्यातल्या लठ्ठ मुलाला नाव दिलं गेलं होतं, आणि त्या नावाच्या खऱ्या मुलाला वर्गानं वर्षभर छळलं होतं. त्याच्या बापाचं पत्र आलं होतं. तेव्हापासून सगळीकडे तो, ती, ते. "नाव घातलं की माणूस उभा राहतो," संपादक नव्या माणसाला सांगायचे. "ती म्हटलं की कुणीच नाही. कुणाला लागत नाही." संपादकांना पाठीमागे सगळे फूटपट्टी म्हणायचे, कारण ओळींची लांबी ते अजून फूटपट्टीनं मोजायचे आणि बोलतानाही ती पट्टी टेबलावर हलके हलके मारत असायचे.

हा नियम तिला मनापासून पटला होता. किती मोकळं वाटायचं त्यात. घरातलं काहीही उचलावं, नाव काढून टाकावं, मग ते धुतल्यासारखं होतं. रोज चाळीस वाक्यं कुठून आणणार माणूस. पहिली शंभर डोक्यातून येतात, नंतर डोकं म्हणजे पिळलेलं फडकं. मग नवरा आला, तो घोरतो पण तो कबूल करत नाही. सासू आली, ती साखरेचा डबा वर ठेवते कारण तिचा कुणावर विश्वास नाही. सासूबाईंनी पुस्तक कधी उघडलं नसतं, नवऱ्यानं उघडून "हा मीच की" म्हणून खिदळत सगळ्यांना दाखवलं असतं. आणि त्या सकाळी बुटकी आली.

त्या सकाळी घरात दोन दिवसांचा वास होता. उंदीर मेला असेल म्हणून तिनं स्वयंपाकघर उपसलं होतं. शेवटी कपाटाखाली बोळा मिळाला, चादरीचा, मधोमध पिवळा पडलेला, कडेला अजून ओलसर. तिनं तो दोन बोटांनी धरला. अंगठा आणि पहिलं बोट, बाकीची तीन दूर ताठ उभी. हात लांब करून, तोंड फिरवून, श्वास कोंडून. बुटकी दारात उभी होती. तिनं चादरीकडे पाहिलंच नाही, आईच्या तोंडाकडे पाहत राहिली. काही तरी मदत करावी म्हणून एक पाऊल पुढे आली, तेव्हा ती बुटकीला म्हणाली होती, "पुढे येऊ नकोस. तिकडेच थांब. मी करते." ओरडली नव्हती. ओरडली नाही याचा तिला दिवसभर अभिमान वाटला होता. त्याच दिवशी ऑफिसात चाळीस वाक्यं कमी पडत होती, संध्याकाळी पानं जायची होती, आणि हाताला अजून साबणाचा वास येत असतानाच सातवं वाक्य एका दमात उतरलं. एका सर्वनामावर दोन जोडशब्द तोललेले, शेवटच्या 'पण'वर नेमकी गंमत. फूटपट्टीनं त्याच्याखाली रेघ मारली. "हे जिवंत आहे बघा. बाकीची मेलेली आहेत." ती कौतुकाची रेघ घेऊन ती घरी गेली होती. नवऱ्यालाही सांगितलं होतं. "म्हणजे बुटकी छापून येणार म्हणायची," तो म्हणाला होता, आणि दोघं आवाज न करता हसले होते.

आज ती सरळ फूटपट्टीच्या टेबलाशी गेली. ते पुस्तिकेच्या नव्या छपाईचीच पानं चाळत होते. जिभेला बोट लावायचं, पान उलटायचं, पुन्हा जिभेला बोट. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर ओला ठिपका.

"एक्केचाळिसाव्या पानावरचं सातवं बदलायचंय मला."

"चूक आहे?"

"चूक नाही. बरं नाही वाटत."

"अहो, त्याच वाक्यावर तर पोरं खिदळतात." बोट जिभेकडे गेलं. "शाळांतून सांगतात मला. खिदळली की जोडशब्द पक्का होतो. तुम्हाला काय झालं आज एकदम?"

"वर्गात एखादी तशी मुलगी असते."

"प्रत्येक वर्गात असते. म्हणून तर नाव नाही ना घातलं." त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. मग तिच्या तोंडाकडे पाहून त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांचा आवाज जरा खाली आला. "दुपारी पानं जायची आहेत. बदला हवं तर. पण उत्तरांची पानं छापून झालीत. सातव्याचं उत्तर अँड आणि बट हेच राहिलं पाहिजे. वाक्यातली 'ती'ही तीच राहिली पाहिजे, कारण खाली प्रश्न आहे, तिनं काय केलं. आणि दोन ओळी. दोनाच्या तीन झाल्या तर मी घेणार नाही."

ती जागेवर येऊन बसली. कोरा कागद घेतला. ती, मग जागा, आणि, मग जागा, पण. इतकं सोपं काम तिनं हजार वेळा केलं होतं. कुणीतरी काहीतरी करतं, आणि आणखी काही करतं, पण. तिनं 'ती' लिहिलं आणि समोर कुणी उभं राहू नये म्हणून मन घट्ट मिटून घेतलं. शेजारच्या टेबलावर पानं लावणारी बाई बसायची, जाड भिंगाची, खाताना डबा मांडीवर लपवून ठेवणारी. तीच आली पहिली. तिनं डबा लपवला, आणि तिनं घाईघाईनं खाल्लं, पण. कागद चुरगाळला. मग सासू आली, तोंड धुताना बेसिनमध्ये खाकरणारी. चुरगाळला. रस्ता झाडणारी आली, बुटकीच्या वर्गाच्या बाई आल्या. नुसतं 'ती' असं काही नसतंच, ही गोष्ट तिला इतक्या उशिरा कळत होती की तिची तिलाच शिसारी आली. एवढी वर्षं ती लोकांची धुणी काढून रस्त्यावर वाळत घालत होती आणि वर म्हणत होती, कुणाची आहेत ते लिहिलेलं नाही.

"काय गं, चुरगाळून चुरगाळून गादी भरतेस का?" पानं लावणारी म्हणाली.

"गादी" या शब्दासरशी तिनं हातातला बोळा मुठीत झाकला. "सातवं बदलतेय," ती म्हणाली.

"ते ओल्या गादीचं? कशाला? आमच्या घरी पाठ आहे ते. धाकटा म्हणतो रोज." तिनं चष्मा पुसला. मग सहज, पानाची कड जुळवत म्हणाली, "मला तेव्हाच वाटलं होतं, हे कुठूनतरी आणलेलं आहे. असं सुचत नाही बसल्या जागी. वास आला, हे सुचत नाही."

ती मान खाली घालून 'ती' गिरवत बसली, आणि मग तिची आई आली. शेवटच्या चार महिन्यांतली आई, खाटेला खिळलेली. तेव्हा ती स्वतः एकोणीस वर्षांची होती, कॉलेजची पुस्तकं खाटेच्या पायथ्याशी ठेवून अभ्यास करायची. आई रोज ओली व्हायची आणि रोज चादरीचा तो भाग अंगाखाली ओढून घ्यायची, मुलीला दिसू नये म्हणून, जणू मुलगी पाहुणी होती. चादर काढताना मुलगी श्वास कोंडायची. तिला वाटायचं, कुणाला कळत नाही. एकदा चादर ओढता ओढता तोंड लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा आई खाटेवरून अगदी सहज म्हणाली होती, "नाक मोकळं सोड गं. गुदमरशील. मी काही कुणाला सांगत नाही." आणि हसली होती, दात नसलेलं, लहान मुलासारखं. ते आईनं खरंच कुणाला सांगितलं नाही. बापाला नाही, मावशीला नाही. भेटायला येणाऱ्यांना म्हणायची, पोर माझी फार करते. मुलीचं कोंडलेलं नाक ती आपल्याबरोबर घेऊन गेली. कागदावर 'ती' होतं, आणि पुढे आईचं वाक्य आपोआप जुळून यायला लागलं, आणि, पण, सगळं आपापल्या जागी, दोन ओळींत नेमकं बसणारं. तिनं पेन टेबलावर आपटलं. एवढंच राहिलं होतं.

शेवटी तिनं स्वतःला घातलं. दुसरं कुणी उरलं नव्हतं. तिनं एक गोष्ट पाहिली, आणि तिनं ती सगळ्यांना सांगितली, पण तिला कुणी विचारलं नव्हतं. फूटपट्टीनं वाचलं, पट्टी लावली, दोन ओळी भरल्या. "बेचव आहे," ते म्हणाले. "कुणी हसणार नाही. पण बसतंय." त्यांनी जिभेला बोट लावून पान उलटलं. तिच्या मनावरचं ओझं उतरायला हवं होतं. पण खिडकीशी जुन्या छपाईचे शेवटचे गठ्ठे दोरीनं बांधून ठेवले होते, आणि प्रत्येक गठ्ठ्यातल्या प्रत्येक पुस्तिकेत, खालून वरपर्यंत, कपाटाखाली एक एक ओली चादर होती. बाकीच्या कुठल्या शाळांच्या बाकांवर होत्या ते तिला माहीतही नव्हतं.

घरी आली तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. बुटकी जमिनीवर पोटावर झोपून चित्र रंगवत होती, पाय हवेत, मोज्यांचे तळवे काळे. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. तिनं ठरवलं होतं की काही बोलायचं नाही. कागद फाडून टाकायचा, पुस्तक बदलून आणायचं, पोरं विसरतात. हेच तिनं कव्हर घालतानाही ठरवलं होतं, हे तिला पर्सची चेन उघडताना आठवलं, आणि तिनं कागद काढून जमिनीवर ठेवला.

"हे कपाटाखाली मिळालं."

बुटकीनं कागदाकडे पाहिलं नाही. आईच्या तोंडाकडे पाहिलं. "मी फाडलं," ती म्हणाली. "बाईंना माहीत नाही. त्यांनी खूण केल्यावर फाडलं."

"रागावले नाहीये मी. का फाडलंस?"

"बाईंनी ते वाक्य सगळ्यांना मोठ्यानं म्हणायला लावलं. सगळे हसले. तो मागच्या बाकावरचा नाक धरून हसला." बुटकी रंगाच्या कांडीचा कागद सोलत होती. "मी पण हसले."

"तू का हसलीस?"

"नसते हसले तर त्यांना कळलं असतं ना."

"काय कळलं असतं?"

"की मला ती माहितीये."

खालच्या रस्त्यावरून कुणीतरी भंगार मागत गेलं. तिनं विचारलं, आणि विचारताना आपला आवाज किती गोड आहे हे ऐकून तिच्या अंगावर शहारा आला, "कोण ती, बाळा?"

"ती मुलगी. पुस्तकातली." बुटकीला हे समजावून सांगावं लागतंय याचंच नवल वाटलं. "आहे ती कुठंतरी. माझ्यासारखीच करायची. आणि तिनं पण कपाटाखालीच ठेवली. मला वाटायचं, मी एकटीच." कांडी बोटात फिरली. "मी तिला लपवून ठेवलं. म्हणजे आता आपल्या वर्गातल्या एका तरी पुस्तकात ती नाहीये. तुझं ऑफिस आहे ना ते? त्यांना सांगशील, काढा म्हणून?"

"सांगितलं. काढलं आज."

बुटकीचा चेहरा इतका उजळला, की तिला तिथंच थांबता आलं असतं. कुठलीही शहाणी बाई तिथंच थांबली असती. घरात ऊन होतं, मूल खूश होतं, आईनं त्याचं काम केलं होतं. मग बुटकी पोटावरून उठून तिच्या जवळ सरकली आणि हळूच, एखादी खासगी गोष्ट सांगावी तसं म्हणाली, "पण आई, पुस्तकवाल्यांना कसं कळलं? तिच्या आईनंच सांगितलं असणार. दुसऱ्या कुणाला माहीतच नव्हतं." जरा थांबून म्हणाली, "घाणेरडी आहे तिची आई."

तिच्या ओठांवर 'हो' आलं होतं. अगदी तयार, गुळगुळीत. हो, घाणेरडीच. दोघी मिळून त्या दुसऱ्या बाईला नावं ठेवायच्या आणि मग दूध प्यायचं. तिला आपल्या तोंडाची सकाळसारखीच किळस आली, आणि त्या किळसेतूनच, काही ठरवायच्या आत, बोलून गेली.

"ते मी लिहिलंय."

"काय?"

"ते वाक्य. मी लिहिलं. तुझंच आहे ते. दुसरी मुलगी नाहीये, बुटकी."

बुटकी रडली नाही. सोललेल्या कांडीचे तुकडे तिनं गोळा करून एका ढिगात ठेवले. मग एकदा कागदाकडे आणि एकदा आईकडे पाहिलं, दोन्हींकडे सारखंच, आणि उभी राहिली. वाकून तिनं कागद उचलला. अंगठा आणि पहिलं बोट, बाकीची तीन दूर ताठ उभी. हात लांब करून, तोंड फिरवून ती न्हाणीघराकडे चालायला लागली. मागून पाहताना तिला ती पाठ ओळखीची वाटली, खांदे वर चढलेले, मान वाकडी, श्वास कोंडलेला. आपल्याला आपली पाठ कधी दिसत नाही. तिला त्या दिवशी दिसली, आठ वर्षांच्या अंगावर. बादलीत नळ सुटला. कागद पाण्यात बुडवून चोळल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा. छापील शाई आहे, जाणार नाही, असं सांगावं म्हणून ती उठली. निदान शेजारी बसावं, पूर्ण हात पाण्यात घालावा. नाक मोकळं सोड, एवढं तरी म्हणावं. ती दारापर्यंत गेली आणि एक पाऊल आत टाकलं.

बुटकीनं मागे वळून पाहिलं नाही.

"पुढे येऊ नकोस," ती म्हणाली. "तिकडेच थांब. मी करते."

आवाज मुळीच चढलेला नव्हता.